यानातली डॉक्टरीण परत आली तो श्रावण

श्रावणात मी माहेरी जाते ती सणासाठी नाही, कामासाठी. ज्यांचं माहेर गणपतीच्या कारखान्याचं आहे, त्या बायकांना श्रावणात सण वगैरे काही नसतो. रोह्याहून गाडीत बसायचं, जित्याला उतरायचं, खाचरांमधल्या रस्त्याने घर गाठायचं, आणि पिशवी खाली ठेवायच्या आत कोणीतरी हातात ब्रश देतं. यंदाही तसंच झालं. फक्त ब्रश देताना मिनी म्हणाली, "आत्या, यान परत आलंय. सगळे जुने भाग मोबाइलवर टाकलेत."

मिनी माझी भाची, दादाची एकुलती एक मुलगी. कारखाना आता तीच बघते. आणि यान म्हणजे टीव्हीवरची मालिका. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण आमच्याकडे ते कोणी घेतलं नाही. पृथ्वीवरून निघालेलं एक यान वाट चुकतं आणि घरी परतायचा रस्ता शोधत या ग्रहावरून त्या ग्रहावर हिंडत राहतं, एवढीच गोष्ट. ही एवढीशी गोष्ट त्या लोकांनी वर्षानुवर्षं ताणली. मिनी बालवाडीत होती तेव्हा ती सुरू झाली, आणि मिनी पेणला कॉलेजात जायला लागली तरी यान काही घरी पोचलं नव्हतं. शेवटी पोचलं, तेव्हा अर्धे लोक म्हणाले, बरं झालं, सुटलो. आणि अर्धे म्हणाले, असं कुठे पोचायचं असतं का.

आता या जुन्या प्रेक्षकांचा मोबाइलवर ग्रुप आहे म्हणे. मिनी त्यात आहे. दुपारी जेवणं झाल्यावर ती त्यातली भांडणं वाचून दाखवत होती. एक म्हणतो कॅप्टन बदलला तिथेच मालिका संपली, दुसरी म्हणते तिथून तर खरी सुरू झाली. एकाला लढाया हव्यात, एकाला नकोत. मात्र एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे: यानातली डॉक्टरीण मरते तो भाग सगळ्यात टाकाऊ. आणि ती परत येते त्या भागावरून तर इतकी वर्षं झाली तरी लोक एकमेकांची उणीदुणी काढतात. मी ऐकत होते, हातातल्या मूर्तीच्या शेल्याला हिरवा रंग देत होते, आणि मला काहीही वाटत नव्हतं. समोर कोपऱ्यात दादा पॉलिश पेपरने एका मूर्तीचा हात घासत होता. त्याने मान वर केली नाही.

दादासमोर डॉक्टरणीचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही. मिनीने तो मुद्दाम काढला असं मला वाटलं, आणि का काढला तेही माहीत होतं. ती पहिलीत असताना तिची आई गेली. तिला फोटोतला चेहरा माहीत आहे, आम्ही बायका सांगतो ते किस्से माहीत आहेत. पण बापाच्या तोंडून आईबद्दल तिने एक वाक्य ऐकलेलं नाही. सुगंधा हे नाव माझी वहिनी गेल्यापासून दादाने घेतलं नाही. रागाने नाही, आणि सोसवत नाही म्हणूनही नसावं. नुसतं घेतलं नाही, आणि मग ते राहूनच गेलं. मिनीचं लग्न ठरलं आहे, मार्गशीर्षात आहे. ती सासरी जायच्या आत तिला एवढं एक हवं आहे, असं ती मला फोनवर म्हणाली होती. मी म्हटलं होतं, नको अपेक्षा करू बाई.

कारखान्यात टीव्ही आणला तो वहिनीनेच. आमच्या आईला हे अजिबात पटलं नव्हतं. देवाच्या मूर्ती रंगवायच्या आणि समोर नाचगाणी? पण वहिनी लाघवी होती, शिवाय हट्टी. तिने मधल्या खांबाला फळी ठोकून घेतली, त्यावर टीव्ही ठेवला आणि वर प्लॅस्टिकचा कागद टाकला. तरी मूर्तींच्या अंगाला मारायच्या गुलाबी रंगाची धूळ काचेवर बसायचीच. त्यामुळे आमच्या टीव्हीवर यानातली सगळी माणसं, परग्रहावरची माणसं, झालंच तर बातम्या देणारी बाईसुद्धा, गणपतीच्या रंगाची दिसायची. मला रोह्याला लग्न झाल्यावर कळलं की त्या कॅप्टनचा रंग चांगला काळासावळा आहे.

यान रविवारी सकाळी लागायचं. त्या वेळी कारखान्यात बायका वालाचं बिरडं सोलायला घ्यायच्या, म्हणजे हात कामात आणि डोळे टीव्हीवर. वहिनीची जीव लावण्याची रीत होती ती भांडायची. यानातल्या डॉक्टरणीवर तिचा फार जीव. डॉक्टरणीने चुकीचा निर्णय घेतला की ती टीव्हीशी भांडायची, आणि बाळूकाका डॉक्टरणीला नावं ठेवायला लागले की बाळूकाकांशी. बाळूकाका आमच्याकडचे जुने कारागीर, मूर्तीला अंगाचा रंग मारायचं काम त्यांचं. ते कॅप्टनच्या पार्टीतले. दादा कुठल्याच पार्टीत नव्हता. तो डोळ्यांची आखणी करत बसलेला असायचा, आणि मधूनच म्हणायचा, "सुगंधा, जरा इकडं बस गो."

हे इकडे बसणं म्हणजे काय ते सांगायला हवं. गणपती घरात मखरात उंचावर बसतो आणि पूजेला बसणारा माणूस खाली पाटावर. मूर्तीची नजर त्या पाटावरच्या माणसाला भेटली पाहिजे. नाहीतर सगळं देखणं असूनही माणूस म्हणतो, यंदाचा गणपती काही बघत नाही बुवा. आमच्या कारखान्यात म्हणून एक रीत होती. मूर्ती फळीवर ठेवायची, दादाने डोळे आखायचे, आणि वहिनीने समोर पाटावर जाऊन बसायचं. दादा विचारायचा, "बघतो काय?" वहिनी मान इकडेतिकडे करून म्हणायची, "बघतो." कधी म्हणायची, "नाय बघत, तुमचा देव बाजारात बघतो." मग दादा बुबुळाला एखादा केस इतका रंग लावायचा आणि ती परत बसायची. हे काम दुसऱ्या कोणी केलं नाही. दुसऱ्या कोणाला सांगावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग एका वर्षी गणपतीनंतर त्या लोकांनी डॉक्टरणीला मारून टाकलं. त्या नटीने म्हणे मालिका सोडली होती. पेणच्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीपासून माझ्या नवऱ्याच्या कंपनीपर्यंत सगळीकडे तीच चर्चा. काही जणांनी मालिका बघणं सोडलं. काही म्हणाले, बरं झालं, फार शहाणपणा करायची. वहिनी एकटी असं म्हणत राहिली की डॉक्टरीण मेलेली नाही. मी दिवाळीला गेले तेव्हा बाळूकाका तिला चिडवत होते, "गो सुगंधा, सगल्या दुनियेनं बघितली मेलेली." ती म्हणाली, "दुनियेनं बघितली आसंल, मी नाय बघितली." आम्ही सगळे हसलो. ती नेहमीसारखी अडून बसली आहे असंच आम्हाला वाटलं.

त्याच पौषात तिला कावीळ झाली. आधी गावातलं औषध, मग पेणचा दवाखाना, मग पनवेलचं हॉस्पिटल, आणि मग काही नाही. मी रोह्याहून निघाले ती पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण वहिनी आणि मी किती जवळच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी रडेन म्हणून दोन बायका मला धरायला पुढे आल्या. मला रडू आलं नाही. मी चुलीकडे गेले आणि मिनीने काही खाल्लंय का ते विचारलं. त्या बायकांची जरा निराशा झाली असावी.

आणि मग तो श्रावण आला, ज्याच्याबद्दल मी हे लिहिते आहे. मी मिनीसाठी आणि कारखान्यासाठी आषाढातच जाऊन राहिले. त्या वर्षी पाऊस वाईट होता. मूर्ती वाळेनात. आम्ही मोठे दिवे लावून ठेवायचो, शेगड्या पेटवून ठेवायचो. ओल्या शाडूचा, रंगाचा आणि कोळशाचा वास एकमेकांत मिसळून कपड्यांत, केसांत, भातात बसला होता. लोक विचारायचे, दादा कसा आहे? मी म्हणायचे, बरा आहे. खरंच बरा होता. वेळेवर उठायचा, जेवायचा, बसून काम करायचा. पण त्याच्याशी बोलताना बंद दुकानाच्या फळीवर थाप मारल्यासारखं वाटायचं. मिनी त्याच्या मांडीवर जाऊन बसायची, तो तिला हलवून बाजूला करायचा नाही, जवळही घ्यायचा नाही. ती कंटाळून उठून जायची. मला दोघांकडे बघून वाईट वाटायला हवं होतं. मी बघायचे आणि पुढचं काम घ्यायचे.

त्याने डोळे आखले, पण पाट रिकामाच राहिला. विचारायचं कोणाला, म्हणून त्याने विचारलं नाही. मूर्ती एकामागून एक तयार होत होत्या, आम्ही त्या कागदात गुंडाळत होतो. मग वडखळचा एक व्यापारी माल बघायला आला. जुना माणूस, दर वर्षी आमच्याकडूनच मूर्ती न्यायचा. त्याने एक मूर्ती फळीवर ठेवली, समोर उकिडवा बसला, उठला, दुसरी ठेवली, परत बसला. मग हळूच म्हणाला, "दादा, काम एक नंबर हाय. पण गणपती बघत नाय हो." मी जाऊन बसून बघितलं. खरंच होतं. सगळ्या मूर्ती माणसाच्या डोक्यावरून पलीकडे, मागच्या भिंतीच्याही पलीकडे बघत होत्या. इतके दिवस आम्ही सगळे तिथेच वावरत होतो आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आम्ही कोणीच कशाकडे बघत नव्हतो.

दादा नुसता "व्हय" म्हणाला. कागद सोडले, मूर्ती परत फळीवर आल्या, आणि त्या दिवसापासून मी पाटावर बसायला लागले. तो विचारायचा नाही. मी आपली बसायचे आणि सांगायचे, जरा खाली, जरा डावीकडे. तो दुरुस्त करायचा. काम झालं, माल सुधारला, व्यापारी खूश झाला. पण त्या पाटावर बसून मी मूर्तीकडे बघायचे तेव्हा पलीकडे दादाचा चेहरा दिसायचा, आणि तो कुठे दुरुस्त करायचा ते मला कळायचं नाही.

तेवढ्यात टीव्हीवर जाहिरात सुरू झाली. डॉक्टरीण पाठमोरी उभी, मग हळूच वळते, आणि खाली अक्षरं येतात: ती परत येत आहे, या रविवारी. दिवसातून दहादा तेच. कारखान्यात एकदम दोन पार्ट्या पडल्या. बाळूकाका तावातावाने म्हणाले, "मेलेलं मानूस परत आनतात म्हंजे काय? खेल हाय काय?" आमच्याकडे सोनेरी काम करायला वाडीवरून निर्मला यायची. ती म्हणाली, "आली तर येऊ दे ना काका. चांगली बाय व्हती." मग दोघांच्याही लक्षात आलं की दादा तिथेच बसला आहे, आणि दोघंही आपापल्या मूर्तीकडे वळले.

मी ठरवलं की रविवारी टीव्ही लावायचाच नाही. केबलची वायर काढून ठेवायची आणि पावसावर ढकलायचं, एवढं सोपं होतं. मला भीती वाटत होती असं म्हणणार होते, पण ती भीतीही नव्हती. दगडावर पाय ठेवायच्या आधी आपण तो हलतो का ते बघतो, तेवढंच. रविवारी सकाळी मी वायर काढली. वाल सोलायला घेतले. बाळूकाका मुकाट्याने रंग कालवत होते. वेळ झाली तशी दादाने ब्रश पाण्यात ठेवला, उठला, खांबामागे जाऊन वायर जोडली आणि परत जागेवर येऊन बसला. कोणाकडे बघून नाही, नुसतं म्हणाला, "लावा."

डॉक्टरीण आली. तोच चेहरा, तोच आवाज, हनुवटीवर तोच तीळ. पण ती म्हणे दुसऱ्याच कुठल्या विश्वातून आलेली, इथल्यासारखीच पण इथली नव्हे. कॅप्टन तिच्याकडे धावत गेला आणि तिने त्याला विचारलं, आपण कोण? मग जाहिराती लागल्या. आम्ही सगळे टीव्हीकडे बघितल्यासारखं करून दादाकडे बघत होतो. निर्मलाला राहवलं नाही. ती म्हणाली, "वयनी बोलायच्या, ती मेली नाय म्हनून. बरोबर बोलायच्या." बाळूकाकांनी तिला डोळ्यांनी दटावलं. मिनी माझ्याजवळ वाल सोलत होती, ती थांबली आणि बापाकडे बघत राहिली. आता तो काहीतरी बोलेल, रडेल, उठून जाईल, टीव्ही फोडेल, काहीही करेल, असं मला वाटलं.

दादाने भाग शेवटपर्यंत बघितला. मग ब्रश झटकला आणि म्हणाला, "पितांबराला पिवळा कमी पडलाय. पेणला जाऊन आनायला होवा." एवढंच.

त्यानंतर महिनाभर जो तो डॉक्टरणीबद्दल बोलत होता. मी मधे रोह्याला घरी जाऊन आले, तर माझा नवरा सांगत होता की कंपनीत फर्स्ट शिफ्टवाले आणि जनरलवाले यावरून बोलेनासे झालेत. फर्स्टवाल्यांचं म्हणणं, ही शुद्ध फसवणूक आहे, मेलेली ती मेली. जनरलवाले म्हणत, नटी तीच, चेहरा तोच, मग तुमचं काय जातंय? एकाने फार चांगलं सांगितलं म्हणे: ती आली याचं काही नाही, पण ती आल्यावर आधीच्या डॉक्टरणीसाठी कोणी रडेनासं झालं, हे वाईट. मी हे सगळं भाकरी थापताना ऐकलं. कोणीतरी माझ्याच घरातलं मला परक्या भाषेत सांगत आहे असं वाटलं, पण मला ते समजून घ्यायची हौस नव्हती. पीठ जरा सैल झालं होतं, त्याचीच मला जास्त काळजी होती.

लोक म्हणतात दुःखाने माणूस बधिर होतो आणि मग कधीतरी बांध फुटतो. माझा फुटला नाही. मी वाट बघितली, खोटं कशाला बोलू. तेराव्याला, वर्षश्राद्धाला, मिनीला पहिल्यांदा साडी नेसवली तेव्हा. डोळे कोरडेच. पुढे पुढे तर वहिनीचा आवाज आठवायला मला त्रास पडू लागला. शब्द आठवायचे, आवाज नाही. यान मात्र आम्ही बघत राहिलो. दुसरी डॉक्टरीण हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडली, बाळूकाकांनाही ती आवडायला लागली. ते आता नाहीत. फळीवरचा टीव्ही बिघडला, दुसरा आला, तोही गेला. दादाचा हात थरथरायला लागला तशी आखणी मिनीकडे आली. ती मूर्तीसमोर स्वतःच जाऊन बसते, स्वतःच उठून डोळा दुरुस्त करते. तिला कोणी तसं शिकवलं नाही.

तर यंदाची ती दुपार. मिनी ग्रुपवरची भांडणं वाचून थकली. मग तिने सरळ विचारलं, "बाबा, कुठला भाग लावू? डॉक्टरीण परत येते तो लावू?" मी तिच्याकडे डोळे वटारले. दादा मूर्तीचा हात घासत राहिला. मग म्हणाला, "तो नको. ती मरते तो लाव."

"तो सगळ्यात बेकार भाग आहे बाबा. सगळे शिव्या घालतात त्याला."

"आसंल बेकार. तो लाव."

मिनीने मोबाइल दोन रंगाच्या डब्यांना टेकवून उभा केला आणि भाग लावला. यानात आग लागलेली, डॉक्टरीण आत अडकलेली, आणि बाहेरून कॅप्टन दार ठोठावतोय. भाग खरंच वाईट होता. आगसुद्धा खोटी वाटत होती. दादाने पेपर खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून पुढे सरकला.

"हितं बोलली, दार काय ठोकतोस मेल्या, खिडकी फोड."

मिनी हलली नाही. मीही. दादा टीव्हीवरच्या बातम्या वाचाव्यात तशा एका सुरात सांगत होता, नजर मोबाइलवर.

"हितं वाल सोलायची थांबली. मला बोलली, तुमी पन असंच बघत रावाल." तो म्हणाला, "मी बोललो, मी नाय बघत रावनार." मग डॉक्टरीण धुरात खोकायला लागली तेव्हा म्हणाला, "हितं पदर तोंडावर घेतला. आपल्या हितं कुठं धूर व्हता, तरी घेतला."

मोबाइलवर आग भडकत गेली. मिनीने अगदी हळू विचारलं, "मग? मग काय बोलली?"

"मग लाइट गेली," दादा म्हणाला. "आली तवा भाग सपला व्हता. सुगंधा बोलली, आपन बघितलं नाय ना, मग ती मेली नाय."

मी मान फिरवली, कारण मला वहिनीचा आवाज ऐकू आला होता, तिचा स्वतःचा, आणि समोरचा हिरवा शेला मला नीट दिसेना. मिनीने मोबाइलवर बोट ठेवून भाग तिथेच थांबवला. डॉक्टरीण अजून दारामागे उभी होती. मग मिनीने भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.